बिनतारेचा खांब

आगरवाडी, पूर्णगड
ता. ११ जानेवारी १९८७

चि. सौ. मैना हिला आशीर्वाद.

मी तुझ्याशी बोलत नाही, हे तुला माहीत आहेच. ते अजून तसंच आहे. पत्र लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, म्हणून लिहिते आहे.

शेजारची कमळा परवा मुंबईहून आली. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही आणि पाणंदीतूनच ओरडली, "काय गो गोदा, आजी होणार ती गोष्ट लपवून ठेवलीस व्हय!" मी काय लपवणार? मला माहीत असती तर लपवली असती. तुझ्या पोटात पाच महिन्यांचं पोर, आणि सगळ्या वाडीच्या मागून आईला कळतं. मी हसून म्हटलं, "दृष्ट लागते, म्हणून बोलले नाय." वाडीत माझी अब्रू मी अशी राखली आहे. तुला कोणी विचारलं तर तूही असंच सांग.

तू कोर्टात लग्न केलंस, घाटावरचा मुलगा केलास, आणि आम्ही आलो नाही, तो विषय मी काढत नाही. कमळा म्हणते, जावई शांत आहेत आणि सकाळी उठून तुला चहा करून देतात. हे मी आबांना सांगितलेलं नाही. त्यांना एका वेळी एकच धक्का पुरे.

आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तू यावंस असं माझं म्हणणं नाही, फक्त रीत सांगितली. माजघरालगतची खोली सारवून ठेवली आहे, पण ती मी दर वर्षीच सारवते.

कमळा आणखी एक गोष्ट म्हणाली. तुझ्या सासूबाईंनी तिला सांगितलं म्हणे, की लाईट नसलेल्या घरात आम्ही सून पाठवणार नाही. कंदिलाच्या उजेडात सुईण काय बघणार आणि काय करणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांना माझा नमस्कार सांग आणि सांग, की आमच्या वाडीत लाईट आहे. सरकारी कागदावर तसं लिहिलेलं आहे. खांबसुद्धा आहे. फक्त तार नाही.

तुला आठवत असेल, तू दुसरीत होतीस. पऱ्याच्या ओढ्यापलीकडे पूर्णगडात तार आली आणि पऱ्याच्या अलीकडे आपल्या होळीच्या सहाणेजवळ एक खांब उभा राहिला. नारळ फुटला, पाहुण्यांचं भाषण झालं, 'आगरवाडी उजळली' म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तूही वाजवल्यास. मग पाहुणे जेवून गेले आणि तार काही पऱ्या ओलांडून आली नाही. एवढी वर्षं खांब उभा आहे. दादूचा रेडा त्याला अंग घासतो, लग्नात मांडवाची दोरी त्याला बांधतात, आणि रेशनवर आम्हाला रॉकेल कमी मिळतं. का, तर लाईटवाल्या वाडीला रॉकेल हवं कशाला!

कमळेबरोबर कुळथाचं पीठ आणि थोडी आमसुलं पाठवते. ती तुझ्यासाठी नाहीत, पोटातल्यासाठी आहेत. आबांची तब्येत बरी आहे.

तुझी आई

*

आगरवाडी
ता. १६ फेब्रुवारी १९८७

चि. मैनास,

तुझं कार्ड पोचलं. चार ओळी, त्यांतल्या अडीच सासूबाईंच्या. 'लाईट असेल तरच पाठवू.' मला वाचता येतं, दोनदा लिहायची गरज नव्हती. उरलेल्या दीड ओळीत तू विचारलं आहेस, 'आबा काय म्हणतात?' आबा म्हणतात, यंदा आंब्याला मोहर बरा आहे.

तुला खोटं कशाला सांगू? त्यांनी तुझं नाव अजून घेतलेलं नाही. मी तुझं कार्ड मोठ्यानं वाचलं तेव्हा ते पडवीत सुपारी कातरत होते. पानात टाकायला एक सुपारी पुरते. त्या दिवशी एवढी कातरली की दादू येऊन म्हणाला, "सखारामदादा, दुकान घालतोस काय?"

आता माझ्या उद्योगाचं सांगते. रत्नागिरीहून बातमी आली, की सरकार घरोघर उन्हावर चालणारे दिवे देणार आहे. छपरावर काळी पाटी बसवायची, ती दिवसभर ऊन खाते, खाली पेटीत साठवते आणि संध्याकाळी दिवा लागतो. तार नको, खांब नको. मी त्याच दिवशी पऱ्या ओलांडून ग्रामसेवकाकडे गेले. तो म्हणाला, "काकी, ते दिवे लाईट नसलेल्या वाड्यांना. तुमच्यात लाईट आहे."

मी म्हटलं, "दाखव."

तो म्हणाला, "खांब आहे ना?"

त्याच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं रत्नागिरी गाठली. तिथे दोन कचेऱ्या आहेत, एक तारेची आणि एक उन्हाची. आधी तारेच्या कचेरीत गेले. टेबलावरच्या माणसानं मोठं चोपडं उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "आगरवाडी झालेली आहे."

"काय झालेली आहे?"

"वीज पोचलेली आहे. तुमचं काम संपलं."

"मग बिल का येत नाय?"

त्यानं पुन्हा बोट फिरवलं. "वापर नाही म्हणून."

म्हणजे लाईट आहे, पण आम्हीच वापरत नाही! एवढी वर्षं आम्ही उगाच काटकसर करत बसलो होतो असंच म्हणायचं. मी विचारलं, तार कधी येणार? तो म्हणाला, वीज न पोचलेल्या वाड्या आधी घ्यायच्या असतात. तुमची पोचलेली आहे, तेव्हा तुमचा नंबर शेवटी.

तिथून उन्हाच्या कचेरीत गेले. तिथली बाई बोलायला गोड होती. चहा विचारला, तो मी घेतला. पण तिचंही तेच. खांब आहे ना, मग तुम्हाला दिवा मिळत नाही. मी म्हटलं, बाई, ते म्हणतात वीज पोचली म्हणून तार नाही आणि तुम्ही म्हणता वीज पोचली म्हणून दिवा नाही, तर पोचली कुठे ती वीज? माझा आवाज चढला असं आबा नंतर म्हणाले, पण आबा तिथे नव्हतेच. आमची लेक बाळंतपणाला यायची आहे, एवढं मात्र मी सांगितलं नाही. घरचं दुखणं कचेरीत कशाला उघडं करायचं?

शेवटी त्या बाईनं सांगितलं, की मार्चअखेर असल्यामुळे साहेब स्वतः वाड्या बघत फिरतायत, तुमच्याकडेही येतील. तारीख काढली ती नेमकी तेरा मार्च. म्हणजे आपला तेरसा शिमगा, होळी उभी करायचा दिवस.

येताना एस.टी.त डोकं शांत ठेवून विचार केला. साहेब येणार, खांब बघणार, खांब दिसला की लाईट आहे असं लिहिणार आणि निघून जाणार. मग खांब दिसताच कामा नये. आता तो उपटायचा तर सरकारी. पण शिमग्याला सहाणेवर दर वर्षी आपण होळी उभी करतोच. आंब्याचं उंच झाड तोडून आणतो, त्याला पाला-फुलं बांधतो. यंदा झाड तोडायलाच नको. खांब आयता उभा आहे. त्याला वरपासून खालपर्यंत आंब्याच्या डहाळ्यांचा टाळा गुंडाळायचा, झेंडूच्या माळा सोडायच्या, आणि म्हणायचं, ही आमची होळी. साहेब सोलापूरकडचे आहेत. तिकडे गोवऱ्यांची होळी करतात. त्यांना काय कळणार आहे?

वाडीला हा बेत एकदम पसंत पडला. आबा काही बोलले नाहीत. त्या दिवशी गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा, तेव्हा ते गप्प राहून चालणार नाही, एवढं मी त्यांना बजावलं आहे. बोला, पण नेहमीचंच बोला, असं सांगितलं आहे.

तू तुझ्या सासूबाईंना इतकंच सांग, की व्यवस्था चालू आहे.

आई

*

आगरवाडी
शनिवार, ता. १४ मार्च १९८७

मैना,

हे पत्र एकटीनं वाच. सासूबाईंना वाचून दाखवायचं झालं तर आधी तू वाच आणि मग ठरव.

काल सकाळपासून सगळी वाडी खांबाभोवती. ढोलवाला रघू शिडी लावून वर चढला आणि वरून टाळे बांधत आला. खालून बायकांनी झेंडू लावले. खांब इतका देखणा दिसायला लागला की कमळा म्हणाली, दर वर्षी हेच करूया, झाड तरी वाचेल. एकच पंचाईत होती. खांबावर ती लाल पाटी आहे ना, कवटी आणि हाडांची, ती काही केल्या निघेना. शेवटी तिच्यावर जाडजूड हार सोडला.

साहेब चार वाजता आले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, काखेत फाईल. आम्ही त्यांना सावलीत खुर्ची दिली, शहाळं दिलं. ते इकडेतिकडे बघत होते. होळीकडे बघून म्हणाले, "छान आहे. केवढी सरळ!"

दादू म्हणाला, "व्हय सायेब, यंदा झाड सरळ मिळालं."

तेवढ्यात वारा आला आणि हार बाजूला सरकला. साहेबांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "ती कवटी कसली?"

मी हार सारखा करायला धावले. पण दादूला खोटं बोलायला कधी तयारी लागत नाही. म्हणाला, "राखणदार हाय आमचा. शिमग्यातच दर्शन देतो."

साहेबांनी बूट काढले आणि हात जोडले. मी म्हटलं, झालं, जिंकलो!

मग गाऱ्हाणं. आबा धोतर-सदरा घालून नारळ घेऊन पुढे आले. सगळी वाडी मागे उभी. साहेबांना मानानं पुढे घेतलं आणि हळूच सांगितलं, की प्रत्येक वाक्याला सगळ्यांबरोबर म्हणायचं. आबांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही आगरवाडीची लेकरं तुझ्या पायाशी गोळा झालीत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझी सालाबादची होळी आज उभी नाय म्हाराजा!"

अर्ध्यांनी सवयीनं "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि अर्धे गप्प झाले. मी आबांच्या सदऱ्याला मागून हिसका दिला. काही उपयोग झाला नाही. तो माणूस घरात बोलत नाही, पण देवापुढे उभा राहिला की त्याला थांबवायची कोणाची टाप नाही, आणि देवापुढे खोटं बोलायचं त्याला जन्मात जमलेलं नाही. हे मी आधी धरायला हवं होतं असं वाडी आज म्हणते आहे. वाडीला आज सगळंच कळतं.

"हा लाईटचा खांब हाय म्हाराजा! त्याला पाला गुंडाळलाय म्हाराजा! ह्या सायबांना फसवायला गुंडाळलाय म्हाराजा!"

गाऱ्हाणं मध्ये तोडणं वाईट. तोडलं तर वर्षभर वाडीला जड जातं. मग काय करणार? सगळ्यांनी माना खाली घालून म्हटलं, "व्हय म्हाराजा." मोठा आवाज एकट्या साहेबांचाच होता. त्यांचे डोळे मिटलेले, त्यांना वाटलं हा सगळा मंत्रच आहे. म्हणून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

आबांचे मिटलेलेच होते. मैना, ते पुढे काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"कशापायी म्हणशील, तर माझी लेक मैना पोटुशी हाय म्हाराजा. पहिलटकरीण हाय. तिला माहेरी आणायची हाय, तर सासरची माणसं उजेड मागतायत म्हाराजा. मी पोरीवर रुसलो. तिचं नाव घेतलं नाय. त्येचं माझं मी बघीन. पण माझी मैना सुखरूप घरी येऊ दे, तिची सुखानं सुटका होऊ दे, आणि ह्या खांबापायी आमच्याकडून काय चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल म्हाराजा!"

वाडीनं काय उत्तर दिलं ते तुला तिथे परळमध्ये ऐकू आलं नाही याचंच नवल. कमळा रडत होती. रघू ढोल वाजवायचा विसरला. मी रडले नाही, माझ्या डोळ्यात धूर गेला. आता तू म्हणशील, होळी पेटलीच नव्हती तर धूर कुठला? नव्हती पेटली. रडले.

नारळ फुटला. साहेब उठून खांबापाशी गेले. पाला बाजूला केला, लोखंडावर बोटानं टकटक केलं, वर बघितलं.

"ह्याला तार कधी होती?"

आबा म्हणाले, "नाय सायेब. पाखरू बसलं असेल तेवढंच."

"मग लपवलात कशाला?"

"खांब दिसला की तुम्ही लोक लाईट हाय असं लिवता म्हणून."

साहेबांनी फाईल उघडली. म्हणाले, "अहो, नियमात खांबाचं नावही नाही. ज्या वाडीत वीज वापरात नाही तिला दिवे, असं लिहिलंय. खालची माणसं खांब बघतात आणि रकाना भरतात, नियम वाचतो कोण? बिनतारेचा खांब हाच तर तुमचा पुरावा. तोच तुम्ही झाकून ठेवलात!"

मग त्यांनी आणखी एक कागद काढला. "आणि ह्यात लिहिलंय, आगरवाडी, खांब एक. मी इथं आलो आणि मला खांब दिसला नसता, तर काय लिहावं लागलं असतं? सरकारी खांब चोरीला गेला!"

सगळी वाडी माझ्याकडे बघायला लागली. मी झेंडूकडे बघत राहिले. बेत माझा होता हे खरं, पण तो चुकीचा होता हे मी कबूल करत नाही. खांब नुसता उभा असता तर साहेब नुसते बघून गेले असते, गाऱ्हाण्याला थांबले नसते, आणि आबा बोलले नसते. ते कोणी लक्षात घेत नाही.

साहेबांनी तिथेच लिहिलं, की खांब आहे, तार नाही, वीज वापरात नाही. जाताना आबांना म्हणाले, "लेक कधी येणार?" आबा म्हणाले, "आता ती ठरवील."

तू कार्डात विचारलं होतंस, आबा काय म्हणतात. हे म्हणतात.

आई

*

आगरवाडी
ता. २ एप्रिल १९८७

चि. मैनास,

तुझं पाकीट आलं, पण आबांच्या नावाचं. मला वाटलं आत एक चिठ्ठी माझ्यासाठी असेल. नव्हती. आबा पाकीट घेऊन आगरात गेले आणि माडाखाली बसून वाचलं. मी दोनदा पाणी शिंपायच्या निमित्तानं तिकडून गेले, तर त्यांनी कागद उलटा धरला. काय लिहिलं होतंस ते त्यांनी मला सांगितलेलं नाही. आल्यावर कोयता घेतला आणि खळ्यातल्या फणसाची ती मोठी फांदी तोडली. तीच, जिचे फणस ते कोणाला हात लावू देत नव्हते. छपरावर सावली येत होती म्हणून. पाटीला ऊन हवं ना.

पाटी बसली. सरकारचा पैसा एकतीस मार्चच्या आत संपवायचा असतो, नाहीतर परत जातो म्हणे. त्यामुळे जे काम एरवी दोन वर्षं चाललं असतं ते पंधरा दिवसांत झालं. तीस तारखेला टेंपो पऱ्यापर्यंत आला आणि वाडीनं दिवे डोक्यावरून आणले. आपल्या कौलांवर काळी पाटी, माजघरात पेटी आणि तुझ्या खोलीत हातभर लांबीची नळी. चालू केली, तर खोलीत पांढराशुभ्र उजेड.

पहिल्यांदा काय दिसलं असेल तर जळमटं. एवढी वर्षं मी घर झाडते आणि एवढी जळमटं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरं म्हणजे आबांनी माझ्याकडे टक लावून बघितलं आणि विचारलं, "तुझे केस कधी पिकले गो?" रॉकेलच्या उजेडात माझं बरं चाललं होतं.

दिवा आला म्हटल्यावर पुढचंही ऐक. तारेच्या कचेरीचा माणूस आला होता. म्हणाला, आता तुम्हाला दुसरीकडून उजेड मिळाला, तेव्हा तारेच्या यादीत तुमचा नंबर मागे जाईल. मी म्हटलं, आम्ही शेवटीच होतो, आता शेवटाच्या मागे कुठे नेऊन ठेवता? आणि रेशनवाला म्हणतो, आता तुमच्याकडे खांबही आहे आणि दिवाही आहे, दोन-दोन उजेडवाल्यांना रॉकेल कसलं? चुलीवर पाणी तापवायला लाकडं आहेत हे त्याला कळलं तर तीही मोजून नेईल. रघूच्या बायकोनं तर दिवा घ्यायचाच नाही म्हणून ठरवलं होतं, तार हातची जाईल ह्या भीतीनं. तिला मी खांबापाशी नेलं आणि वर बघायला लावलं. संध्याकाळी तिनं दिवा नेला.

तुझ्या सासूबाईंचा निरोप कमळेच्या घरच्यांकडून पोचला. सूर्याचा दिवा ठीक, पण पंखा आहे का? वैशाखात बाळंतीण उकडून निघेल. पंखा नाही. ह्या दिव्यावर पंखा चालत नाही, मी विचारून घेतलं. वारा मी घालीन. तुला झोप लागेपर्यंत घालीन, आणि लागल्यावरही घालीन. हे त्यांना सांग.

आता आठवा आहे, आठव्यात प्रवास करायचा नसतो. नववा लागला की ये. आधी मी म्हटलं होतं, तू यावंस असं माझं म्हणणं नाही. आता माझं म्हणणं आहे. ये, मैना. जावयांनाही घेऊन ये. चहा त्यांनीच केला तरी आबा काही बोलणार नाहीत, मी बघते.

आई

*

आगरवाडी, पूर्णगड
ता. १९ मे १९८७

सौ. विहीणबाई गंगूबाई यांना गोदाचा नमस्कार.

तार काल केलीच, ती पोचली असेल. आपल्याला नात झाली. मैना सुखरूप आहे, नात गोरी आहे, आणि नाक तुमच्याकडचं आहे. आवाज आमच्याकडचा असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही.

मैना इथे आली त्या दिवशी तिच्या आबांनी तिला एस.टी.तून हात धरून उतरवलं आणि घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दारात पायावर पाणी घालताना एवढंच म्हणाले, "वाळलीस गो." तेव्हापासून दोघांचं बोलणं संपत नाही, आणि मला कोणी मधे घेत नाही. तुमच्याकडे असताना हिनं तुम्हाला किती त्रास दिला असेल याची मला कल्पना आहे. माझीच मुलगी आहे. तरी तुम्ही तिला जपलीत, हे मी तिच्या अंगावरून ओळखलं. तिच्या आबांना ती वाळलेली दिसली, पण त्यांना ती नेहमीच वाळलेली दिसते.

तुम्ही उजेडाबद्दल विचारलं होतंत. ते तुम्ही सुनेच्या काळजीनं विचारलं होतं हे मला आता कळतं. तेव्हा कळलं नव्हतं, म्हणून तेव्हा मी वाडीत तुमच्याबद्दल काही बोलले असेन. ते कमळेनं तुम्हाला सांगितलंच असेल. सोडून द्या.

तर उजेडाचं सांगते. त्या दिव्यासाठी मी रत्नागिरीला किती खेपा घातल्या आणि वाडीत काय काय झालं, ते मैना तुम्हाला सांगेल. दिवा रोज लागत होता. नववा लागल्यापासून मी पाटी दिवसातून दोनदा पुसत होते. कावळा बसला तर मी अंगणात धावत होते. पेटी भरलेली, नळी पुसलेली, शिवाय कंदीलही भरून ठेवलेला. रात्री-अपरात्री कळा येऊ देत, आपली तयारी आहे, असं मी रोज निजताना म्हणत होते.

कळा आल्या सकाळी न्याहारीनंतर. नात जन्मली भर दुपारी, वैशाखातलं ऊन डोक्यावर असताना. छपरावरची पाटी मजेत ऊन खात होती आणि खाली खोलीत दिव्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. सोनूबाई सुईणीनं आल्या आल्या पहिलं काम काय केलं, तर माझं जुनं लुगडं मागून घेतलं आणि खिडकीवर टाकलं. म्हणाली, "काय गो हा उजेड! डोळ्यावर येतोय, काय दिसत नाय मला."

बारसं पुढच्या शुक्रवारी, एकोणतीस तारखेला. तुम्ही यायचंच. सकाळच्या एस.टी.नं निघालात तर वाडीत पोचायला काळोख होईल. होऊ दे. घर तुम्हाला लांबूनच दिसेल.

तुमची विहीण,
गोदा